बोर्डोचे मनुके

काय सांगू, सांगायची सोय नाही! पण आमच्या व्याह्यांनी हा किस्सा अर्ध्या नाचणगावात आधीच वाटून टाकलाय, तोही वरून तिखटमीठ लावून. तेव्हा म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी, निदान खरी तरी कळेल. घ्या, चहा घ्या.

लोक म्हणतात, गुणवंतराव संशयी माणूस आहे. चूक! मी सावध माणूस आहे. दुधात बोट बुडवून पाहतो. बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतो. आंजीत माझी संत्र्याची बाग आहे, आणि झाडांच्या बुंध्यांना लावायचं बोर्डो मी दरवर्षी स्वतःच्या हातानं करतो. मोरचूद, चुना आणि पाणी. निळसर, घट्ट, झाडाच्या बुरशीचं औषध. तयार झालं की त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पातं लालसर झालं, तर समजायचं चुना कमी पडला. तीस वर्षांत विळा बुडवल्याशिवाय मी त्या ड्रमवर विश्वास ठेवला नाही. आता तुम्हीच सांगा, जो स्वतःच्या ड्रमवर विश्वास ठेवत नाही, तो जावयावर ठेवील का?

माझी मुलगी पल्लवी सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते. तिचं लग्न नाचणगावच्या अनिकेतशी ठरलं. मुलगा शिकलेला, नागपुरात कंपनीत नोकरी, बोलायला गोड. बोलायला गोड म्हटल्यावर माझा पहिला संशय तिथंच. आणि दुसरा म्हणजे नाचणगाव!

तुम्ही म्हणाल, नाचणगावानं काय घोडं मारलंय? काही नाही हो. पण आमचा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आहे, पण तहान थोडीच बंद होते? तिकडचे शौकीन वर्धा नदीचा पूल ओलांडतात, की लागला अमरावती जिल्हा. "जरा पुलापलीकडं जाऊन येतो" म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अनिकेतच्या घरापासून पूल किती जवळ आहे, हे मी साखरपुड्याच्या आधी मोटरसायकलवर जाऊन पाहून आलो होतो. फारच जवळ होता!

आता यातलं एक हसण्यासारखं नाही, ते आधीच सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा रोज संध्याकाळी पुलापलीकडं जायचा. तिचा संसार कसा झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पल्लवीचा तसा होऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

तर, लग्नाची तारीख मार्गशीर्षातली ठरली आणि मृगातच हनिमूनची चर्चा सुरू झाली. युरोपला जायचं म्हणे! मला वाटलं, युरोप म्हणजे स्वित्झर्लंड. बर्फ पाहायचा, फोटो काढायचा, परत यायचं. पण छे! पल्लवी म्हणे इटली, अनिकेत म्हणे स्पेन. कुठलं जेवण चांगलं, कुठली सीनरी चांगली, यावर रोज तासतासभर फोन. मी बायकोला म्हटलं, "मंदा, हा पोट्टा बायकोले फिरवाले नेऊन राह्यला, का जेवाले? सात समुंदर पार जाऊन कोनी जेवते का?"

"तुमी मले कधी रामटेकच्या पुढं नेलं का?" मंदा म्हणाली. विषय तिथंच संपला.

मग एके दिवशी दुपारी मी आंगणात ड्रममध्ये बोर्डो ढवळत होतो. पल्लवी ओसरीवर फोनवर बोलत होती. तिची पाठ माझ्याकडे. मी मुद्दाम ऐकत नव्हतो हो. कान काय काढून ठेवायचे?

"हो, मग बोर्डोच फायनल," ती म्हणाली.

माझा हात थांबला. मुलगी बागेत लक्ष घालतेय! ऊर भरून आला की नाही? पण पुढचं ऐका.

"लाल अन् पांढरं, दोन्ही चाखू. हो रे, मले मालूम आहे! घोट घ्याचा, तोंडात फिरवाचा अन् थुंकून द्याचा. तुले थुंकाचं नसन तर तू पेऊन घेजो!" आणि हसली. मग म्हणाली, "यार्डातच राहू ना मंग. काही तरी बोलू नको, बाबाले तर बिलकुल सांगू नको."

माझ्या हातातली काठी ड्रममध्ये पडली.

बोर्डो प्यायचं? मोरचूद? हातभट्टीत नवसागर टाकतात, युरिया टाकतात, हे ऐकून होतो. आता मोरचूद टाकायला लागले! आणि यार्ड म्हणजे कोणतं? नाचणगावाशेजारच्या पुलगावचं कापसाचं यार्ड! तिथंच मागं कुठंतरी गुत्ता असणार. तो स्वतः पितो तो पितो, माझ्या पोरीलाही शिकवतोय, आणि वर बापाला सांगू नको!

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "मंदा, जावई मोरचूद पेते!"

मंदा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही. "तुमच्या कानात मळ भरला," म्हणाली.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? मुलीला विचारलं असतं. पण चोराला विचारून चोरी कळते का? मी गेलो गजाननच्या दुकानात. खतं-औषधं मी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घेतो. हळूच विचारलं, "गजानन, मोरचूद पेल्लं तर मानसाले काय होते गा?"

गजाननचा चेहरा पडला. त्यानं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "भाऊ, घरी सगळं बरं हाय ना? काही टेन्शन असन तर बोलून टाका."

"मले नाई पेवाचं रे! दुसऱ्याचं इचारून राह्यलो. कोनी पेल्लं तं ओळखाचं कसं?"

"जीभ-गीभ निळी होत असन जी," गजानन उगाच आपला काहीतरी म्हणाला. त्यालाही कुठं माहीत होतं! पण मला विळा सापडला!

दुसऱ्या दिवशी रविवार. अनिकेत घरी आलेला असणार, हे हेरून मी नाचणगाव गाठलं. निमित्त पत्रिकेच्या मजकुराचं. आमचे व्याही वसंतराव शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी पाट-पाणी केलं, विहीणबाईंनी चहा आणला. अनिकेत आला, पाया पडला. मी आशीर्वाद द्यायच्या आधीच म्हणालो, "जीभ दाखव."

"काय, काका?"

"जीभ! बाहेर काढ."

पोरानं बिचाऱ्यानं काढली. आणि काय सांगू तुम्हाला? निळी! निळीजांभळी, पार शेंड्यापासून मुळापर्यंत!

मी ताडकन उभा राहिलो. "हे लग्न होनार नाई!"

"काऊन जी, इवाई? झालं काय?" वसंतराव म्हणाले. आणि म्हणताना मला त्यांची जीभ दिसली. तीही निळी! मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी घाबरून तोंडावर पदर घेतला, पण मी त्याआधीच पाहिलं होतं.

"अख्खं घर!" मी ओरडलो. "अख्खं घर बोर्डो पेते! शाळामास्तराचं घर अन् ही तऱ्हा! माही पोरगी मी ह्या घरात देनार नाई!"

 मग विहीणबाई आत गेल्या आणि एक टोपली आणून माझ्यासमोर ठेवली. टोपलीत जांभळं होती. मागच्या आंगणात झाड आहे त्यांचं. सकाळपासून तिघंही जांभळंच खात होते.

मी बसलो. पण माघार घेईन तर मी कसला! "अन् बोर्डोचं काय? मी मह्या कानानं आयकलं. यार्डात राहाचं अन् चाखाचं. लाल अन् पांढरं."

अनिकेतनं कपाळाला हात लावला. मोबाइल काढला, नकाशा दाखवला. "काका, बोर्दो गाव आहे. फ्रान्समध्ये. आम्ही हनिमूनले तिथं जानार. अन् यार्ड नाई, विनयार्ड. द्राक्षाचा मळा."

"गावाचं नाव बोर्डो?" मी म्हणालो. "उद्या म्हनशीन, युरिया नावाचा तालुका हाय."

तेव्हा वसंतरावांनी चष्मा पुसला आणि वर्गात बोलायचे तसं बोलले, "इवाई, तुमचं बोर्डो त्याच गावचं हाय. तिथल्या द्राक्षांच्या येलांवर पयले मारलं, म्हून थे नाव. तीस वर्षं झाली ढवळून राह्यले, तुमी कधी इचारलं नाई?"

खरंच नाही विचारलं हो! मोरचूद शुद्ध आहे का, ते विचारलं. चुना ताजा आहे का, ते विचारलं. बोर्डो कुठलं, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पण संशय असा सहजासहजी जातो का? मी डोळे बारीक केले. "बरं, मान्य. पन येवढ्या द्राक्षांचं थे लोक करतात काय?"

अनिकेत वसंतरावांकडे पाहू लागला. वसंतराव छताकडे पाहू लागले. विहीणबाईंना एकदम खोकला आला.

"मनुके," अनिकेत म्हणाला. "मनुके करतात, काका. लाल अन् पांढरे. चाखाले देतात."

"अन् थुंकाचं काय?"

"बिया, काका. बिया थुंकाच्या."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणीच आलं. मी पोराला जवळ घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मूठभर जांभळं तोंडात टाकली. आंजीला परतलो तो निळी जीभ घेऊनच. मंदानं पाहिली आणि आरसा आणून हातात दिला.

लग्न झालं. जावई सोन्यासारखा निघाला, अगदी खरं सांगतो. पल्लवीची ड्युटी उशिरा सुटली की स्वयंपाक करून ठेवतो. उन्हाळ्यात दोघं बोर्डोला जाऊन आले आणि माझ्यासाठी मनुक्यांची पाच पाकिटं आणली. मी अख्ख्या आंजीत वाटले. "फ्रान्सचे हायेत, खास बोर्डोचे! चव पाहा, इथं मिळन का असा मनुका?" लोकांनीही मान डोलावली. एक अख्खं पाकीट गजाननला नेऊन दिलं, त्या दिवशी त्यानं पाणी पाजलं होतं म्हणून.

गजाननचा धंदा औषधांचा. पाकीट हातात आलं की आधी मागची बारीक अक्षरं वाचायची सवय. ती सवय त्याला मीच लावलेली. त्यानं वाचलं, परत वाचलं, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला विचारलं, "भाऊ, हे तासगाव फ्रान्समंदी कुठं येते जी?"

मी चष्मा लावला. वाचलं. मनुके. तासगाव, जिल्हा सांगली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मग द्राक्षांचं तिथं नक्की काय करतात, ते मला त्या क्षणी समजलं. उत्तर तर द्यायलाच हवं होतं.

"पुलापलीकडं," म्हटलं, आणि चष्मा खिशात टाकून घरी आलो.