साखळीतला हात

कबड्डीत टाळ्या चढाईपटूला. आम्ही मध्यरक्षक म्हणजे भिंत, आणि भिंतीचा फोटो कोण काढतो? पेपरात मी एकदाच आलो. तेही चढाईपटूच्या कमरेला घातलेल्या मिठीतले नुसते दोन हात. बायकोने ते ओळखले आणि कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवले.

कंपनीने मला खेळासाठीच नोकरीला घेतले होते. शिफ्ट नावाला, सराव खरा. कोपऱ्यातल्या जोडीदाराचा हात धरून साखळी करायची. त्याने बोटे दाबली की थांबायचे, सैल सोडली की झेपावायचे. सगळी कारकीर्द मी त्या बोटांच्या भरवशावर काढली. मग गुडघा गेला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण मैदान विसरा. विसरा म्हणे! जशी काही छत्रीच विसरायची होती.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. पेणच्या बाजारातही नजर समोरच्याच्या पायांवर. भार कुठल्या पायावर आहे, वळणार कुठे? बायको वैतागायची. "अवो, लोकं बघतान. भाजी घ्या."

गेल्या हिवाळ्यात आमच्या संघाचा सामना रोह्याला होता. प्रशिक्षकांना गाठून सांगायचे ठरवले होते, गुडघा बरा झालाय, एक हंगाम द्या. बायकोला काही बोललो नव्हतो. तरी ती म्हणाली, "मी पन येते." गाडी नदीअलीकडच्या अष्टमी गावात लावून आम्ही पुलावरून चालत गेलो. मी मुद्दाम झपाझप पुढे, लंगडत नाही हे दाखवायला.

माझ्या जागी नवा खेळाडू होता. चढाईपटूच्या डोळ्यांकडे बघत होता, पायांकडे नाहीच. माझा नुसता जीव वरखाली. शेवटच्या चढाईत समोरच्याने डाव्या पायावर भार घेतला आणि मी खुर्चीतून झेपावलोच. गुडघा दुमडला. पडलो नाही, कारण माझा हात बायकोच्या हातात होता. तो मी कधी धरला, मलाच ठाऊक नव्हते.

"बसा," ती म्हणाली. "नाय जायाचं."

तिची बोटे घट्ट दाबलेली होती. मला तिचा भयंकर राग आला.

तिकडे त्या नव्या खेळाडूने पकड केली. लोक नाचायला लागले. प्रशिक्षक हाकेच्या अंतरावर उभे होते. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो, सैल पडतायत का म्हणून. मैदान रिकामे झाले तरी पडली नाहीत. मी थांबलो.