चोराचं नाणं

रेवा, ईशान, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, आजोबांना तर नाहीच. आजोबा आता ऐकायला नाहीत, म्हणून धीर झाला का? माझी मलाच तशी शंका येते. येऊ दे.

गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर ईशान म्हणाला, "आजी, चोराचं नाणं दाखव ना." मी दाखवलं. तुम्ही दोघं हसलात. आजोबांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे — नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी सापडलेलं सातवाहनांचं तांब्याचं नाणं, त्यावर सोंड उचललेला हत्ती, आणि ते लंपास करून बनावट नाणं परत देणारे रशीदभाई.

रशीदभाई घड्याळं दुरुस्त करायचे. नाण्यांच्या वेडातला आजोबांचा हा एकच जिवलग. दोघं हमरीतुमरीवर यायचे. "साहेब, तुमी हत्ती उलटा धरलाय. सोंड न्हाई ती, शेपटी हाय!" मग दोघंही चहा सांडेपर्यंत हसायचे.

नाणं सापडलं त्या वर्षी भिंगाखाली नीट बघायला म्हणून रशीदभाईंनी ते आपल्या दुकानात नेलं. धनत्रयोदशीला काड्यापेटीत कापसात ठेवून परत आणलं. आजोबा बाहेरगावी गेले होते, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परतायचे होते. मी पेटी रशीदभाईंसमोरच उघडली. हत्ती होता. सोंड, पाठ, वरची अक्षरं, सगळं त्या हिरव्याकाळ्या पुटात. मी पाहिलं होतं — हे लक्षात ठेवा.

लक्ष्मीपूजनात आपण जुनं नाणं ठेवतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी मोरीत समई, ताम्हन, पळी चिंच-मिठानं घासत बसले होते. माझी टापटीप तुम्हाला ठाऊक आहे. असलं मळकट नाणं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? जुन्या नाण्याला पाणीसुद्धा लावू नये, असं आजोबा सारखे बजावायचे. इंग्रजी पुस्तकांतही तेच होतं, आणि ती पुस्तकं त्यांना मीच वाचून दाखवायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. वाटलं, जरासंच — नारळाच्या शेंडीनं, हलक्या हातानं.

धुतलं तेव्हा हातात एक गुलाबी चकती उरली होती. दोन हजार वर्षं मातीनं सांभाळलेला हत्ती मोरीतून वाहून गेला होता.

मी नाणं पुसलं आणि पेटीत ठेवून दिलं.

संध्याकाळी आजोबांनी पेटी उघडली. "हे माझं नाणं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, धसका होता. त्यांचं पुढचं वाक्य येईपर्यंत मला सांगायला वेळ होता. मी वाती वळत होते. "रशीदनं बदललं." मी वाती वळतच राहिले.

पाडव्याला रशीदभाई नेहमीसारखे फराळाला आले. आजोबांनी त्यांना बसूही दिलं नाही. नाणं बघून ते आधी हसले — थट्टा वाटली असावी. मग माझ्याकडे वळले. "वैनी, मी दिलं तवा तुमी उघडून बघितलं हुतं. सांगा की यांना."

आणि मी — इंग्रजी शाळेत शिकलेली, त्या संग्रहातलं प्रत्येक लेबल स्वतःच्या हातानं लिहिलेली मी — म्हणाले, "मला काय त्यातलं कळतं?"

त्यांची नजर देवघरातल्या लखलखीत समईवर गेली. मग नाण्यावर. मग माझ्यावर. कळलं असेल का त्यांना? मला वाटतं, कळलं. ते फराळाला हात न लावता गेले.

आजोबांनी नाणी जमवणाऱ्या सगळ्या ओळखीच्यांना सांगितलं. त्यानंतर रशीदभाईंच्या हाती कुणी नाणं देईना. पुढे घड्याळंही देईनात. आमच्याकडे पाहुणा उठून गेला की आजोबा कपाट तपासायचे, आणि मीही शेजारी उभी राहून तपासायचे. कामाच्या बाईंच्या पिशवीकडेसुद्धा माझी नजर जायची. चोरी झालीच नाही हे माहीत असलेली घरात मी एकटी — आणि तरी? असं कुणाचं होत असेल का? माझं झालं.

रशीदभाई आजोबांच्या आधीच गेले. दुकान आपल्या भाजीच्या वाटेवरच होतं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले नाही.

नाण्याखालच्या लेबलवर "बनावट" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. नाणं खरं आहे. आता ते पुन्हा काळवंडत चाललंय. कधीकधी गॅलरीतल्या उन्हात मी ते तिरकं धरून बघते. सोंड दिसत नाही. शेपटीही नाही.