सगळ्या माद्या तपकिरी

पीएचडीसाठी मी घरमाश्या पाळायचे. गाइड सरांनी विषय साधा दिला होता: शहराच्या आसपासच्या माश्यांत नर-मादी कशावरून ठरतं ते तपासायचं, पुस्तकातलंच निघालं असं दाखवायचं आणि मोकळं व्हायचं. पुस्तकात होतं की नराकडं वाय गुणसूत्र असतं आणि त्यावरच्या जनुकामुळं तो नर होतो.

मुकुंदवाडीच्या घरून मी शहराच्या कडेला पडेगावला एका खालांच्या म्हशींच्या गोठ्यावर जायचे. जाळी घेऊन शेणाभोवती वाकलेली मी पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "मक्खियां पकडने कू इत्ता पढी क्या बेटी?" मी हो म्हटलं. "फिर सब लेके जा," म्हणत त्या धार काढायला बसल्या.

तिथले नेहमीचे काळे नर मी प्रयोगशाळेतल्या तपकिरी माद्यांबरोबर सोडले. हा तपकिरी रंग तिसऱ्या गुणसूत्रावरून येतो, तोही आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. पहिली पिढी सगळी काळी निघाली. त्यातले नर पुन्हा तपकिरी माद्यांबरोबर सोडले. पुस्तकाप्रमाणे आता नरांतही आणि माद्यांतही निम्म्या माश्या तपकिरी यायला हव्या होत्या. बर्फावर गार करून एकेक उलटून पाहिली. नर सगळे काळे. माद्या सगळ्या तपकिरी.

म्हणजे पडेगावच्या माशीचा नरपणा वायवर नव्हताच. तो तिसऱ्या गुणसूत्रावर बसून काळ्या रंगासोबत मुलाकडं, तिथून नातवांकडं गेला होता. परदेशातल्या माश्यांत असं सापडल्याचं मी वाचलं होतं. आपल्या गोठ्यातल्या माशीत ते दिसल्यावर मी सगळ्या माश्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पिंजऱ्यात भेसळ झालीय. टाकून दे."

"भेसळ असती तर रंग कसेही पसरले असते, सर. एवढी नीट वाटणी झाली नसती."

"स्वच्छता कमी पडली असेल. तुमच्याकडं एकूणच..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

आम्ही बौद्ध. हे 'तुमच्याकडं' मी शाळेपासून ऐकत आले होते, त्याचं उरलेलं वाक्य मला पाठ होतं. आवाज न चढवता मी म्हटलं, "पुन्हा करते. या वेळी माश्या तुम्ही पकडा. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडं."

घरी आई म्हणाली, "लई वाद घालू नको. डिग्री घे आन मोकळी हो."

"घेईन. पण हे टाकून नाय."

सर खरंच पडेगावला आले. बुटांना शेण लागलं म्हणून वैतागले, खालांचा चहाही घेतला नाही. पण माश्या त्यांनी स्वतः पकडल्या, पिंजऱ्याला कुलूपही स्वतः लावलं. नातवांची पिढी निघाली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनीच पाहिलं. नर काळे, माद्या तपकिरी.

"परिशिष्टात टाक," ते म्हणाले. "व्हायवात नसते प्रश्न येतील."

"येऊ द्या, सर."

मी त्याचं स्वतंत्र प्रकरण केलं. त्यांनी प्रबंधावर सही करायचं टाळलं. मग मी रोज सकाळी त्यांच्या केबिनसमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. येणारेजाणारे विचारायचे, मी सांगायचे, "सही घ्यायचीय." शेवटी लोकांच्या विचारण्याला कंटाळून त्यांनी सही केली.

व्हायवाला बाहेरून आलेल्या बाईंनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. मी उत्तरं देत होते आणि सर खिडकीबाहेर बघत होते. डिग्री मिळाली.

त्यानंतर त्यांनी बोलावून घेतलं. "आता पेपर लिहू. पहिलं नाव माझं राहील. तशी पद्धत आहे."

"पद्धत माहीत आहे, सर. पहिलं नाव माझं राहील."

पेपर त्यांच्या संमतीसाठी बरेच महिने अडला. मी नावांचा क्रम बदलला नाही; शेवटी त्यांनी संमती दिली. छापून आला तेव्हा माझं नाव पहिलं होतं, त्यांचं शेवटी.

आता मी त्याच विभागात तासिकेवर शिकवते. पूर्वी सर दिसले की मी गुड मॉर्निंग म्हणायचे. आता जय भीम म्हणते. ते नुसती मान हलवतात आणि पुढं जातात.