कौसल्येच्या गोष्टीला हुंकार देणारा

भूत, भानामती, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणी मला उतारा नाहीतर ग्रहशांती सुचवायची तसदी घेणार नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाया पडत होत्या आणि मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. अशी मी आहे. त्यामुळे माझ्यासोबत जे झालं त्याची मला भीती कमी वाटली, राग जास्त आला.

आणि हे रात्री-बेरात्री झालेलं नाही. अकोल्यात, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी झालं. त्या वेळी इथे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. माणसं दारं लावून, कूलर लावून पडलेली असतात. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मागे एक खोली आहे, पश्चिमेकडे खिडकी असलेली, म्हणजे नुसती भट्टी. तिथे मी लिहिते.

मी कादंबऱ्या लिहिते. दोन निघाल्या आहेत, दोन्ही इथल्याच छापखान्यातून, आणि त्यांच्या बऱ्याच प्रती अजून आमच्या दिवाणात आहेत. घरचे लोक त्यावरच झोपतात, असं मी पाहुण्यांना सांगत असते. नोकरी कॉलेजच्या ऑफिसात केली. लिहायला कोणी शिकवलं असं विचारलं की लोकांना मोठमोठी नावं हवी असतात. मला शिकवलं सरूआत्यानं, आणि तिला सहीपुरतं लिहिता येतं.

आम्ही अमरावतीजवळचे माळी. दुपारी अंगणातल्या मांडवाखाली ओल्या पोत्यावर शेवंती आणि झेंडू पडलेला असायचा, आणि घरातल्या सगळ्या बायापोरी हार ओवायला बसायच्या. माझ्या वडिलांची बहीण, सरूआत्या, ओवता ओवता गोष्ट सांगायची. सगळ्यांच्या नजरा सुईवर, कोणी तिच्याकडे बघायचं नाही. मग ऐकतंय की नाही हे तिला कळणार कसं? तर हुंकारावरून. प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की आत्या थांबली. राजकन्या विहिरीत लोंबकळत असो की राक्षसाच्या दाढेत, ती तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी कितीही गयावया करा, ती गोष्ट पुढे जायची नाही. "आयकनाराच नाई, त सांगू कोनाले?" एवढंच म्हणायची.

म्हणून असेल, पण लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मला ते लिहिल्यासारखं वाटत नाही. सकाळी लिहायचं, दुपारी फोनवर रेकॉर्ड करत वाचायचं, आणि संध्याकाळी मेथी निवडत ऐकायचं. कानाला जिथे खडा लागतो तिथे दुरुस्ती करायची. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून वाचताना कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. गळ्यात ओला टॉवेल. यजमान म्हणतात, "एक दिवस तू वाचता वाचता शिजून जाशीन."

तिसरी कादंबरी कौसल्येची. तिवश्याकडची फुलं पिकवणारी बाई. बाप गेल्यावर भाऊ तिच्याकडे साडी घेऊन येतो, आणि साडीच्या घडीखाली हक्कसोडीचा कागद. म्हणजे बापाच्या वावरातला तुझा वाटा सोडला, इथे सही कर. आमच्याकडे घरोघरी झालेली गोष्ट आहे ही. बहिणी सही करतात, साडी नेसतात, आणि माहेर टिकलं म्हणून खुश होतात. माझी कौसल्या सही करत नाही.

भाऊ साडी घेऊन येतो ते प्रकरण मी वाचलं, आणि संध्याकाळी ऐकत होते. "तिनं साडीवरून हात फिरवला..." हे माझं वाक्य संपलं आणि मागून आवाज आला. हूं.

मी मेथी खाली ठेवली. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. हूं. पुढच्या वाक्यानंतर नाही, त्याच्या पुढच्या वाक्यानंतर पुन्हा, हूं. पुरुषाचा आवाज, तोंड मिटलेलं. खोलीत वाचताना मी एकटी होते आणि मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्टीत लूज कनेक्शन दिसतं. आधी म्हणाले फ्रिज. मग म्हणाले पारवा. मग दोन दिवस त्यांनी चंगच बांधला. त्यांच्या फोनवर रेकॉर्ड केलं, हूं आलंच. मला वर्तमानपत्र वाचायला लावलं, नाही आलं. माझी जुनी कादंबरी वाचायला लावली, नाही आलं. (याचा मला थोडा अपमान वाटला.) पुन्हा कौसल्या वाचली, की हूं. शेवटी त्यांनी कानाला हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तोंडात खर्रा हाय त्याच्या. म्हनून तोंड नाई उघडून राह्यला."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"मले काय मालूम. पन मानूस शौकीन हाय. बराबर जागेवर हूं म्हनते."

आता खरं सांगते, पहिले काही दिवस मी दारातून खोलीभर नजर फिरवल्याशिवाय आत जात नव्हते. पण लिहिणं मी थांबवलं नाही. माझी खोली, माझी कादंबरी, मी कशाला थांबू? उलट मी तिकडच्या कोपऱ्याकडे बघून सांगितलं, की ऐकायचं तर ऐका, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र थुंकू नका. आणि प्रकरणामागून प्रकरण लिहीत गेले, वाचत गेले. हुंकार येत गेला. असं वेगात मी कधीच लिहिलं नव्हतं.

अशात पुण्याच्या एका मोठ्या प्रकाशनाकडून फोन आला. मी त्यांना शेवटचं प्रकरण सोडून बाकी सगळं पाठवलं होतं, आणि शेवट काय होणार ते चार ओळींत लिहिलं होतं. संपादक तरुण मुलगा, फार गोड बोलतो.

"मॅडम, फार ताकदीचं लेखन आहे. फक्त शेवट जरा... वाचकाला काहीतरी उबदार हवं असतं हो. भाऊबीजेला भाऊ येतो, दोघं रडतात, आणि ती आपणहून सही करते. त्यागाची उंची येईल."

"आणि वावर?"

"वावर काय मॅडम, नातं महत्त्वाचं."

इतकी वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो हा फोन. दिवाणातल्या प्रती डोळ्यांसमोर आल्या. मी म्हटलं, बघते. आणि बसले, आणि लिहिली भाऊबीज. वाईट नव्हती हो. नेहमीसारखी रेकॉर्ड करत वाचली.

संध्याकाळी ऐकलं. पूर्ण प्रकरणात एकही हूं नाही.

"गेला वाट्टे," हे म्हणाले. "बरं झालं. पाठवून दे आता पुन्याले."

तुम्हाला वाटेल, मला इशारा मिळाला आणि मी शेवट बदलला. अजिबात नाही. मला भयंकर राग आला. मी कोणाच्या हूं-वर कादंबरी लिहीत नाही. आज हा गप्प बसला म्हणून मी शेवट बदलायचा, उद्या तो म्हणेल कौसल्येला विहिरीत ढकल, ढकलू का? त्यापेक्षा पुण्याचा संपादक परवडला, तो निदान स्वतःचं नाव सांगून फोन करतो. दोन दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एसटी पकडून अमरावतीला भावाकडे गेले.

सरूआत्या तिथेच असते. हो, जिवंत आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ज्याला ज्याला मी हे सांगितलं तो लगेच म्हणतो, आत्याच असेल ती, गेल्यावरही हुंकार देते. आत्या ठणठणीत आहे, आणि तिनं आयुष्यात कोणाला हुंकार दिला नाही, फक्त घेतला.

तिच्या कानाशी फोन धरला. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"कोन व्हय हा?"

"तेच विचारायला आले. ओळखीचा वाटतो का?"

"नाई बाई. आपल्यातला नाई हा. पन चांगला आयकते." मग मी भाऊबीजेचं प्रकरण ऐकवलं. "इथं काहून गप झाला?"

"माहीत नाही. काय करू सांग."

"करतं काय त्यात? हुंकार बंद, त गोष्ट बंद. ठेवून दे तशीच."

वहिनी चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, एखाद्या जाणत्याला दाखवून घ्या ना." मी तिच्याकडे बघितलं, तशी ती कप ठेवून आत गेली.

मी आत्याला म्हटलं, "थांबवणार नाही मी. कौसल्येनं सही करावी की नाही, तेवढं सांग."

मला खात्री होती, ती म्हणणार, नको करू देऊ. आमची आत्या ती, राक्षसाला फसवणाऱ्या पोरींच्या गोष्टी सांगणारी.

"करू दे सही तिले," ती म्हणाली. "भाऊ पाह्यजे मानसाले. मी नाई केली का? तुह्या बापानं जांभया रंगाची साडी आनली होती मले. लय मह्याग होती. दोन साल नेसली मी ते."

हे मला माहीतच नव्हतं. ज्या वावरातल्या फुलांचे आम्ही हार ओवायचो, ते वावर तिच्याही बापाचं होतं. ते सोडून तीच आमच्यात बसून, आमच्याच घरचे हार ओवत, आम्हाला गोष्टी सांगत होती. मला रडू आलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नको सुशे. वावरानं काय पोट भरते का एकटीचं?"

परत येताना एसटीत मी हिशेब लावला. संपादक म्हणतो सही कर. नवरा म्हणतो पाठवून दे. आत्या म्हणते करू दे. कौसल्येच्या बाजूनं कोणीच नाही, आणि एक होता तो तोंडात खर्रा धरून गप्प. मग तर मी तिला सही करूच देणार नव्हते.

घरी आले आणि माझा शेवट लिहायला घेतला. कौसल्या कागद परत देते, साडी परत देते. माहेर तुटतं. आपल्या वाट्याच्या दोन एकरात ती शेवंती लावते. अमरावतीच्या फूलबाजारात भावापासून चार टोपल्या सोडून आपली टोपली मांडते. भाऊ तोंड फिरवतो. ती गिऱ्हाइकाला भाव सांगते. बस, एवढंच. कोणी रडत नाही.

अर्धं प्रकरण एका दुपारी वाचलं. संध्याकाळी ऐकलं. हूं नाही.

मला वाटलं होतं, या शेवटाला तो नक्की परत येईल. मनातून मी त्याच्यावर विसंबले होते, हे मला तेव्हा कळलं आणि स्वतःचीच चीड आली. हे म्हणाले, "पाह्य, त्याले हे बी नाई आवडलं." आत्याच्या नियमानं आता गोष्ट बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले. कूलर बंद केला, खिडकी लावली, फोन टेबलावर ठेवला. "कोणी असो की नसो," मी मोठ्यानं म्हटलं, "मी संपवणार आहे." आणि उरलेलं वाचून काढलं, खणखणीत आवाजात. शेवटचं वाक्य झालं, कागद खाली ठेवला, टॉवेलनं तोंड पुसलं, फोन बंद केला आणि बाहेर आले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ऐकलं. पूर्ण वाचनात हूं नाही. शेवटचं वाक्य आलं, "तिनं पाणी शिंपडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला." मग कागद ठेवल्याचा आवाज. मग टॉवेलची खसखस. आणि मग तोच आवाज, पण या वेळी तोंड उघडलेलं, अगदी स्वच्छ:

"मंग?"

आणि लगेच दुसरा आवाज. तो माझा होता. माझाच, मी पैजेवर सांगते, पण मी लहानपणी बोलायचे तसं बोलणारा.

"मंग काय नाई. नाई केली तिनं सही."

त्यानंतर फोन बंद केल्याचा टक आवाज.

मी हे वाक्य बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. "मंग" मला ऐकूच आलं नव्हतं तर उत्तर कशाचं देणार? यजमान दाराबाहेरच उभे होते, कूलर कधी लागतो याची वाट बघत. त्यांनीही सांगितलं, की वाचणं संपलं आणि तू सरळ बाहेर आली, मधे काही बोलली नाही. त्या दिवसापासून ते लूज कनेक्शनचं नाव काढत नाहीत.

ते प्रकरण मी तसंच पुण्याला पाठवलं. त्या गोड मुलानं गोड शब्दांत नकार कळवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, दोन दिवस जेवण गेलं नाही. पण कौसल्येचा शेवट तोच राहील, मग ती मोठ्या प्रकाशनातून निघो, इथल्या छापखान्यातून निघो की न निघो.

खर्रा खाणारा तो कोण, मला माहीत नाही. त्यानंतर तो आला नाही. रेकॉर्डिंग अजून आहे, कोणाला तपासायचं असेल तर अकोल्याला यावं, चहा पाजीन. माझ्या आवाजात उत्तर कोणी दिलं, तेही मला सांगता येत नाही. ज्यानं कोणी दिलं, त्यानं माझ्या मनातलंच दिलं.