अंबाडीची दोरी
बाजारात कुणी अंबाडीच्या दोऱ्या मांडल्या की त्यांचा कुबट वास नाकात शिरतो आणि माझी पोटरी आपोआप आवळते. पोंभुर्ण्याकडे आमच्या धानाच्या बांधीत निंदण करताना चिखलात माझ्या पायाला साप डसला, तेव्हा बाबांनी बैलाचं अंबाडीचं ओलं दावं सोडून माझ्या गुडघ्याखाली करकचून बांधलं. "जहर वर चढू द्याचं नाई," एवढंच ते म्हणत राहिले. दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडी जिथं थांबली तिथं कुणीतरी मायेनं दोरी चाचपायचं, "ढिली हाय ना बाई," म्हणायचं आणि आणखी एक पीळ द्यायचं. बाबा बाहेर बैल सोडत होते, तेव्हा आत दाताच्या खुणा पाहून डॉक्टर म्हणाले, साप बिनविषारी होता. दोरी कापली तेव्हा पाय निळा पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी पंजा लोंबत राहिला, काही केल्या वर उचलेना. गुडघ्याखाली हाडाला वळसा घालून जाणारी नस दोरीनं चेंगरली होती. पट्टा बांधला, व्यायाम केले, पण नस बरी झाली नाही. बाबांना मी म्हटलं, "तुमीच वाचवलं मले, पाय तर जहरानं गेला." पण त्या सालापासून त्यांनी बांधीच्या धुऱ्यावर अंबाडी पेरली नाही, बैल नायलॉनच्या दाव्यानं बांधले, आणि माझा अंगठा अंगणात घासत आला की हातातलं काम टाकून गोठ्यात जायचे. आता बाबा नाहीत; अंगणात अंगठा घासल्याचा आवाज होऊ नये म्हणून मी अजूनही पाय उचलून टाकायला बघते.