दम

डोंबिवलीच्या घरात आईने कापूर लावला की मला हिमालयातली ती चढण आठवते. नॅशनल पार्कमधल्या ट्रेकचा चौथा दिवस होता. विरळ हवेत बाबा रुमालातला कापूर हुंगत दगडावर टेकले आणि गाइडला म्हणाले, "भैया, मुझे बहुत दम लगा है."

"वाह अंकल, बहुत दम है आपमें!" म्हणत तो हसून पुढे निघाला.

बाबांना धाप लागलेली. त्याला वाटलं, ताकद. घोळ माझ्या लगेच लक्षात आलेला. पण खिंड तासाभरावर होती, मला तिथला फोटो हवा होता. मी गप्प राहिलो.

तेव्हापासून बाबांना जिना चढवत नाही. पाहुण्यांना मात्र धापा टाकत, कौतुकाने सांगतात, "तो गाइडसुद्धा म्हणाला होता, अंकल, दम आहे तुमच्यात!"