कच्च्या वालाची वाटी

नाथा रोह्याच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या धूत होता. निवृत्त झाल्यावर पांढरा कोट घालून ओटीवर बसू लागला आणि लोक त्याला तब्येत दाखवू लागले. आमच्या गावाला कोट पुरतो.

एकदा या शहाण्याने पेपरात अर्धा लेख वाचला. वालासारख्या कडधान्यांतली काही प्रथिनं पेशीच्या अंगावरच्या साखरेला चिकटतात आणि काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात, एवढंच त्याने उचललं. पुरा लेख मी नंतर वाचला. काही प्रथिनं त्या पेशींना उलट वाढवतात आणि माणसाच्या पोटात काय होईल ते सांगता येत नाही, असं पुढे छापलं होतं.

"वाल शिजवला का प्रथिन मेला," असं नाथा ऐटीत सांगायचा. म्हणून अंगात गाठ आलेल्याने कच्चा वाल भिजवून, वाटून, उपाशीपोटी वाटीभर घ्यायचा. वालाचं बिरडं नीट शिजवलं नाही तर ओकारी होते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ओकारी झाली की हा म्हणे, "गाठ सुटताय."

माझी थोरली बहीण पुतळी वडखळला दिलेली. तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ आली. मुंबईला चल म्हणून मी डोकं फोडलं. पण परक्या डॉक्टरसमोर पदर काढायची तिला लाज वाटे आणि नाथा तर नुसती वाटी प्यायला सांगत होता. पाच महिने ती प्यायली, ओकली, वाळली. गाठ मात्र लिंबाएवढी झाली. शेवटी मुंबईला नेली, तेव्हा डॉक्टर माझ्यावर चिडले. "आधी आणली असती तर गाठ काढता आली असती," म्हणाले. आजार हाडांत पोचला होता.

ती अंथरुणाला खिळली, तेव्हा नाथा बघायला आला. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल.

पुतळी रडायला लागली. "नाथादादा, चुकला माजा. कच्चा पोटात ठरत नव्हता. आठ दिस वाल उकडून खाल्ला मी."

नाथाचा चेहरा उजळला. मी समोर होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"तरीच! मी सांगितला व्हता ना गो तुला!"

तिने हात जोडले. आणि त्या नालायकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला माफ केलं.